जर्सी बेटावर स्थायिक झालेले निवृत्त लष्करी अधिकारी : माग कसा काढायचा?

दूरदेशी

नमस्कार मंडळी. मी नोकरीनिमित्त जर्सी बेटावर राहते. इंग्लिश खाडीतलं हे बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली असलं तरी फ्रान्सचा किनारा इथून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इथल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळीत एक माणूस वारंवार भेटतो, तो म्हणजे बाहेरून येऊन राहिलेला निवृत्त लष्करी अधिकारी.

१८१५ साली नेपोलियनशी युद्ध संपलं, ब्रिटिश फौज कमी केली गेली आणि हजारो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. तेवढ्या पैशात इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेनं राहणं कठीण होतं. जर्सीत राहणी स्वस्त, दारू आणि चहावर इंग्लंडसारखी जकात नाही, प्राप्तिकर नाही (तो इथे थेट १९२८ साली आला), आणि १८२०च्या दशकात इंग्लंडहून आगबोटी नियमित यायला लागल्या. त्यामुळे सेंट हेलियर या मुख्य गावात इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांच्या गल्ल्याच्या गल्ल्या वसल्या.

आता माझा प्रश्न. आमच्या शेजारच्या आजींच्या घरी सांगतात की त्यांचे एक पूर्वज 'हिंदुस्थानातून आलेले कर्नल' होते. मी पुण्याची, म्हणून त्यांनी मोठ्या आशेनं कागद माझ्यापुढे ठेवले. नाव इथे देत नाही, वंशज याच बेटावर आहेत. हाती आहे ती १८५१च्या जनगणनेतली एक नोंद : कुटुंबप्रमुख 'मेजर, ई.आय.सी., रिटायर्ड'. बायको इंग्लंडमधल्या डेव्हनची. तीन मुली, थोरल्या दोघींचं जन्मस्थान 'पूना, ईस्ट इंडीज', धाकटी सेंट हेलियरची. घरात कर्नल म्हणतात, कागद मेजर म्हणतो. पलटण कुठली, केव्हा आले, कुठून आले, काहीच ठाऊक नाही. सुरुवात कुठून करू?

खडकीकर

चांगला विषय काढलात. मी सैन्यात होतो, निवृत्तीनंतर छावण्यांच्या इतिहासाचा नाद लागला, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लोक अशा वेळी पलटणीचं नाव शोधत बसतात. माझा अनुभव असा की आधी एकच गोष्ट ठरवावी : निवृत्तीनंतर या माणसाला पैसे कोण देत होतं? ज्यानं पैसे दिले त्यानं हिशेब ठेवला, आणि तो हिशेब बहुधा आजही जागेवर आहे. हुद्दा घरोघरी वाढवून सांगितला जातो, पलटणीच्या नावात घोळ होतो, पण खजिनदार माणूस जिवंत आहे की मेला याची खात्री केल्याशिवाय पैसा सोडत नसे.

जर्सीतले अधिकारी या दृष्टीनं चार प्रकारचे.

पहिला, राजाच्या फौजेतला अर्ध्या पगारावरचा. याचे कागद लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. 'पी.एम.जी. ४' या मालिकेत अर्ध्या पगाराच्या खातेवह्या आहेत. पैसे कधी थांबले ते तिथे कळतं, म्हणजे मृत्यूची तारीख हाती लागते. त्याहून मोलाचा कागद १८२८चा. त्या वर्षी सरकारनं निवृत्त अधिकाऱ्यांकडून माहितीचे तक्ते भरून घेतले, ते 'डब्ल्यू.ओ. २५' मध्ये आहेत. पहिली नेमणूक कितव्या वर्षी, लग्न कधी, मुलं कधी झाली, सगळं त्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. १८४७ सालीही निवृत्तांकडून असेच तक्ते मागवले होते.

दुसरा, नेमणूक विकून मोकळा झालेला. १८७१ पर्यंत राजाच्या पायदळात आणि घोडदळात हुद्दे विकत घेता येत आणि विकता येत. पायदळातल्या कॅप्टनच्या हुद्द्याची सरकारी किंमत १,८०० पौंड, मेजरची ३,२००. असा माणूस एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडला की पुढे त्याला पेन्शन नाही, म्हणून सरकारी वह्यांतून तो एकदम नाहीसा होतो. याला लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातली 'विकून निवृत्त' अशी एक ओळ आणि सरसेनापतींच्या कचेरीतले अर्ज ('डब्ल्यू.ओ. ३१') एवढाच आधार.

तिसरा आरमारातला. त्याच्या वाटा निराळ्या.

आणि चौथा तुमचा. 'ई.आय.सी.' म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. याला राजानं एक पैसाही दिलेला नाही, म्हणून क्यूमध्ये वेळ घालवू नका. याचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुली पुण्यात जन्मल्या, म्हणजे बहुतेक मुंबई सैन्यातला माणूस.

तळ्यातमळ्यात

वाचनखूण साठवली. अर्धा पगार म्हणजे पेन्शनच ना? आणि किती असायचा?

खडकीकर

पेन्शन नव्हे. कायद्यानं तो माणूस सेवेतच धरलेला असे. गरज पडली तर परत बोलावता यावं म्हणून दिलेला तो बांधून ठेवण्याचा पगार. दुसरी सरकारी नोकरी करत नाही, अशी शपथ मॅजिस्ट्रेटपुढे घेतल्यावरच तो मिळे. नेपोलियननंतरच्या काळात पायदळातल्या कॅप्टनला दिवसाला सात शिलिंग, म्हणजे वर्षाला सुमारे १२८ पौंड. चार मुलं आणि एक मोलकरीण असलेल्या 'सभ्य गृहस्था'ला लंडनमध्ये हे पुरत नसे, जर्सीत पुरे.

इथे एक मोठा चकवा आहे, तो सांगून ठेवतो. सेवेतल्या अधिकाऱ्याला घरी बसायचं असेल तर तो अर्ध्या पगारावरच्या दुसऱ्या कुणाशी जागेची अदलाबदल करी. अदलाबदल झाली की आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, त्याचं नाव त्या दुसऱ्याच्या पलटणीखाली छापलं जाई. म्हणजे माणूस वीस वर्षं एका पलटणीत लढला आणि मरेपर्यंत यादीत मात्र, ज्या पलटणीचा तळही त्यानं कधी पाहिला नाही, तिच्या नावाखाली राहिला. कित्येक वंशावळींत ही भलतीच पलटण अभिमानानं लिहिलेली असते. १८३९पासून निघालेल्या हार्टच्या आर्मी लिस्टमध्ये तळटीपांत कुणी कुठल्या लढाया केल्या ते दिलेलं असतं, ते ताडून पाहिलं की उलगडा होतो.

जुनीपाने

खडकीकर काकांनी लंडनची बाजू मांडली, मी बेटाची मांडते. दफ्तरखान्यात काम केलंय आणि जर्सीच्या नोंदी एका वेगळ्या कामासाठी बऱ्याच चाळल्या आहेत.

आधी जनगणना. १८४१ची नोंद सापडली तर वयावर विसंबू नका, पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात. ५९ वर्षांचा मेजर तिथे ५५चा दिसतो. त्या वेळी गणना करणाऱ्यांना संक्षेप ठरवून दिले होते : अर्ध्या पगारासाठी 'एच.पी.', स्वतःच्या मिळकतीवर जगणाऱ्यासाठी 'इंड.'. कंपनीचा निवृत्त माणूस नुसता 'इंड.' म्हणूनही नोंदला गेलेला असू शकतो. तेव्हा व्यवसायात 'आर्मी' दिसलं नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका.

जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद जर्सीत १८४२ मध्ये सुरू झाली (शेजारच्या गर्नसी बेटावर १८४०). त्याआधीचं सारं बारा परगण्यांच्या चर्चच्या वह्यांत, आणि त्या फ्रेंचमध्ये. इंग्रजी कुटुंबं मात्र बहुतेकदा परगण्याच्या जुन्या चर्चमध्ये न जाता सेंट हेलियरमधल्या नव्या इंग्रजी चर्चमध्ये जात : सेंट जेम्स, जिथे शिबंदीही प्रार्थनेला जाई, किंवा सेंट मार्क. तुमची धाकटी मुलगी तिथे सापडण्याचा संभव जास्त.

जमिनीचे आणि घरांचे व्यवहार इथे रॉयल कोर्टापुढे शपथेवर होत आणि १६०२पासून त्यांची नोंदवही आहे. भाषा अगदी परवापर्यंत, २००६ सालापर्यंत, फ्रेंच. या कागदांचा सर्वांत मोठा फायदा असा की जर्सीत विवाहित बाईला तिच्या माहेरच्या नावानं लिहितात. इंग्लंडच्या कागदांत जी बाई लग्नानंतर नवऱ्याच्या नावाआड जाते, ती इथे स्वतःच्या आडनावानिशी उभी असते. पण बाहेरून आलेले अधिकारी बहुतेक भाड्यानं राहत, त्यामुळे त्यांचं नाव खरेदीखतात नसतंच. अशा वेळी घरमालकाकडून माग काढायचा. ह्यू गॉडफ्रे यांनी १८४९ साली छापलेल्या नकाशावर घरमालकांची नावं घालून दिली आहेत. जनगणनेतला रस्ता आणि तो नकाशा शेजारी ठेवून पाहा.

मृत्युपत्रं दोन ठिकाणी शोधावी लागतात. जंगम मालमत्तेचं मृत्युपत्र इथल्या डीनच्या चर्च-न्यायालयात, हा अधिकार १९४९ पर्यंत चर्चकडेच होता. पण अधिकाऱ्याचे पैसे इंग्लंडच्या सरकारी रोख्यांत असले तर तिथेही मृत्युपत्र सिद्ध करावं लागे : १८५८च्या आधी कँटरबरीच्या न्यायालयात, नंतर सरकारी प्रोबेट कचेरीत. दुसऱ्या ठिकाणच्या छापील वार्षिक यादीत 'लेट ऑफ सेंट हेलियर, जर्सी' असं लिहिलेले लष्करी लोक पानापानावर भेटतात.

तुम्ही तिथेच राहता, तेव्हा क्लॅरेन्स रोडवरचं जर्सी आर्काइव्ह आणि पिअर रोडवरचं सोसिएते जेर्सिएझ या स्थानिक इतिहास-संस्थेचं ग्रंथालय दोन्ही पायी अंतरावर. सोसिएते १८७३ची आहे, तिथल्या मंडळींना घराण्यांची जाण उत्तम आहे. ग्रीन स्ट्रीट आणि माँ-आ-लाबे या दोन दफनभूमींच्या नोंदीही विचारा.

रानवारा

गर्नसीकडे बघणाऱ्यांसाठी एक भर : सेंट पीटर पोर्टचं प्रियो ग्रंथालय. आणि एलिझाबेथ कॉलेजचं छापील विद्यार्थी-रजिस्टर. १८२४ साली त्या शाळेची नव्यानं घडी बसली आणि अर्ध्या पगारावरच्या बापांची मुलं तिथे भरली. मुलाच्या नोंदीत बापाचा हुद्दा सापडतो, आणि मुलगा पुढे कुठल्या सैन्यात गेला तेही. जर्सीत हेच काम १८५२ साली उघडलेलं व्हिक्टोरिया कॉलेज करतं. बाप हाती लागत नसेल तर मुलग्यांना धरा.

शर्वरी_के

लंडनहून लिहितेय, ब्रिटिश लायब्ररीच्या आशिया-आफ्रिका वाचनकक्षात माझं जाणं-येणं असतं. दूरदेशी, तुमच्या मेजरसाठी क्रम असा ठेवा.

१. मुलींचे बाप्तिस्मे. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी दरवर्षी पाठवलेल्या नोंदी 'एन/३' या मालिकेत आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा आणि बहुधा पलटण लिहिलेली असते. आधी 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या फुकट शोधयादीत पाहा, काम घरबसल्या होईल.

२. पलटण कळली की कॅडेट-कागद, 'एल/मिल/९'. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कंपनीत भरती होताना वयाचा पुरावा म्हणून स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडी. तो दाखला म्हणजे त्याच्या इंग्लंडमधल्या गावाचा पत्ता.

३. सेवेची नोंद, 'एल/मिल/१२'. एक अडचण सांगते : बंगाल सैन्याच्या अधिकाऱ्यांची चरित्रकोशासारखी सविस्तर छापील सूची आहे, चार खंडांची. मुंबईच्या नशिबी तसं काही आलं नाही. १८३८ साली निघालेली डॉडवेल आणि माइल्स यांची यादी तिन्ही इलाख्यांची आहे, पण तीत तारखा आणि शेवट एवढंच.

४. बॉम्बे मिलिटरी फंड. १८१६ साली सुरू झालेला हा फंड अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर चाले आणि विधवांना व मुलांना पैसे देई. मुलींची लग्नं कधी झाली, विधवा कधी वारली, हे सगळं तिथे, कारण लग्न झालं की मुलीचे पैसे बंद.

खडकीकर म्हणतात तेच इथेही लागू. या फंडाच्या वह्यांइतकी नेटकी वंशावळ कुठल्याही घरच्या बायबलमध्ये मिळत नाही.

खडकीकर

शर्वरीताई, फार कामाचं लिहिलंत. कंपनीच्या पैशाबद्दल थोडी भर घालतो.

कंपनीच्या सैन्यात हुद्दे विकत मिळत नसत, बढती निव्वळ ज्येष्ठतेनं. वरचा हलल्याशिवाय खालचा चढत नाही. १७९६च्या नियमांनी रजा धरून पंचवीस वर्षं झालेल्या अधिकाऱ्याला त्याच्या हुद्द्याच्या पूर्ण पगारावर निवृत्त होता येई, तरी कित्येक जण जागा अडवून बसत. मग पलटणीतले कनिष्ठ अधिकारी वर्गणी काढत आणि ज्येष्ठाला ती रक्कम देऊन निवृत्तीला राजी करत. कंपनीनं कधी याकडे डोळेझाक केली, कधी मनाई केली, पण प्रथा चालूच राहिली. तुमचा मेजर जर्सीत आला तेव्हा पूर्ण पगाराची पेन्शन आणि वर हे गाठोडं, असं दोन्ही घेऊन आला असणार. अर्ध्या पगारावरच्या शेजाऱ्यापेक्षा त्याचं घर मोठं असेल तर कारण हेच.

आणखी एक. जर्सी आणि मुंबई सैन्य यांचा दुवा अगदी वरपर्यंत आहे. सर कॉलिन हॅल्केट १८२१ ते १८३० जर्सीचे लेफ्टनंट गव्हर्नर होते आणि त्यानंतर लगेच मुंबई सैन्याचे सरसेनापती झाले.

दूरदेशी

हॅल्केट प्लेस! इथली मंडई त्याच रस्त्यावर आहे, भाजी आणायला मी तिथेच जाते. ते हॅल्केट आपल्याकडे मुंबईला गेले होते हे आज कळलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मुलींपासून सुरुवात केली. थोरल्या दोघींचे बाप्तिस्मे मुंबईच्या नोंदींत मिळाले, दोन्ही पुण्याचे. बापाचा हुद्दा तेव्हा कॅप्टन, पलटण मुंबईची नेटिव्ह इन्फंट्री. धाकटीची नोंद जुनीपाने यांनी म्हटल्याप्रमाणे सेंट जेम्समध्ये निघाली, आणि त्यात बाप 'मेजर'. म्हणजे निवृत्तीचा काळ या दोन तारखांच्या मध्ये बांधला गेला.

कर्नलचा उलगडाही १८६१च्या जनगणनेत झाला, तिथे ते 'लेफ्टनंट कर्नल, रिटायर्ड' आहेत. पण घरी बसल्यावर हुद्दा कसा वाढला?

खडकीकर

निवृत्त अधिकाऱ्याला मानाचा एक हुद्दा वर देण्याची पद्धत होती. पैसे जुन्याच हुद्द्याचे, नावापुढे मात्र नवा. गॅझेटमध्ये तारीख मिळेल. घरचे आणि कागद, दोघंही बरोबर.

जर्सीच्या बाबतीत आणखी एक शक्यता नेहमी तपासावी, ती म्हणजे तिथल्या मिलिशियाची, म्हणजे बेटाच्या स्थानिक नागरी फौजेची. बेटावरच्या धडधाकट पुरुषांना तिथे सेवा सक्तीची होती आणि १८३१ साली तिला 'रॉयल' म्हणवण्याचा मान मिळाला. मिलिशियात कर्नल असलेला माणूस फौजेत फक्त लेफ्टनंट असू शकतो. सर जॉन ल कूतर यांचंच बघा. ते १०४ व्या पलटणीत होते, १८१३च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कॅनडात फ्रेडरिक्टनहून किंग्स्टनपर्यंत जो पायी कूच झाला त्यात चालले. १८१७ साली पलटण मोडली. पुढचं लष्करी आयुष्य जर्सीच्या मिलिशियात गेलं, आणि गव्हाच्या जातींवर त्यांनी केलेलं कामही तितकंच नावाजलं गेलं. अशा माणसाचे हुद्दे दोन निरनिराळ्या शिड्यांवरचे असतात, ते एकाच शिडीवर मांडायला गेलं की वंशावळ बिघडते.

तळ्यातमळ्यात

आणि 'कॅप्टन' असेल तर?

खडकीकर

तर आधी विचारायचं, कुठला कॅप्टन? पायदळातला कॅप्टन आणि आरमारातला कॅप्टन यांत जमीन-अस्मानाचं अंतर, आरमारातला कर्नलच्या बरोबरीचा. शिवाय कंपनीच्या व्यापारी जहाजांचे कप्तान, आणि मुंबईची बॉम्बे मरीन, जिचं १८३० साली 'इंडियन नेव्ही' झालं आणि जी १८६३ साली मोडीत निघाली. चारही कॅप्टन जर्सीच्या एकाच गल्लीत राहत असतील, पण चौघांचे कागद चार ठिकाणी.

समुद्रशोध

विषय बेटांचा म्हणून, सेंट हेलेनाचा उल्लेख हवाच. तिथे कंपनीची स्वतःची फौज होती. १८३४ साली बेट राजाकडे गेलं, फौज मोडली आणि कंपनीचे अधिकारी पेन्शनवर बसले. पुष्कळ कुटुंबं तिथून केप कॉलनीत गेली. कोणाचा पूर्वज 'सेंट हेलेनाचा कॅप्टन' असेल तर तोही ब्रिटिश लायब्ररीतच शोधा, कारण पैसे देणारी कंपनीच.

दूरदेशी

आता एक गोष्ट लिहिते, ती लिहावी की नाही याचा विचार करत होते. आजींना विचारलं, त्या म्हणाल्या, जरूर लिही.

त्याच बापाच्या नावानं शोधताना अजून एक बाप्तिस्मा निघाला, लग्नाच्या पाच वर्षं आधीचा. ठिकाण शिरूर. मुलगा. बापाचं नाव आणि पलटण तीच, हुद्दा लेफ्टनंट. आईच्या नावाच्या जागी काहीही नाही. पाद्र्यानं वळणदार अक्षरात बाकी सगळं लिहिलंय, मुलाचं नाव, तारीख, बाप, आणि आईपुढे आडवी रेघ ओढलीये.

हा मुलगा जर्सीच्या एकाही जनगणनेत नाही. घरात त्याच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. आजी बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ही बाई तुमच्याकडची असणार, हो ना?" मला उत्तर देता आलं नाही.

जुनीपाने

दूरदेशी, आजींना सांगा की असं पान पाहणाऱ्या त्या एकट्या नाहीत. मुंबई, मद्रास, बंगाल, तिन्हीकडच्या वह्यांत अशा रेघा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कंपनीचे तरुण अधिकारी स्थानिक स्त्रियांबरोबर वर्षानुवर्षं संसार करत. ते लपवलेलंही नसे. मुलाला बाप्तिस्मा देताना बापाचं नाव लावलं, म्हणजे त्यानं मूल स्वीकारलं. आईचं नाव लिहिण्याची मात्र वहीला गरज वाटली नाही. ती कुठली, कुठल्या जातीची, मराठी की दख्खनी मुसलमान की आणखी कुणी, हे या नोंदीवरून ठरवता येणार नाही, आणि आपणही तर्कानं ठरवू नये. पण ती होती, आणि तिचा मुलगा या घराण्याचा आहे, एवढं पक्कं.

माझं मत विचाराल तर वंशावळीत त्या मुलाला त्याच्या जागी, भावंडांत थोरला म्हणून लिहा. तळटीपेत नको.

शर्वरी_के

या आईचा शोध पैशाच्याच वाटेनं घेता येतो, म्हणून लिहिते. मेजरचं मृत्युपत्र नीट वाचा, फक्त पहिलं पान नको. पुष्कळ अधिकाऱ्यांनी मृत्युपत्रात हिंदुस्थानातल्या बाईसाठी महिना काही रुपये किंवा एकरकमी ऐवज ठेवलेला असतो, आणि तिथे नाव असतं, इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, पण असतं. लग्नाआधी केलेलं जुनं मृत्युपत्र असेल तर ते मुंबईत नोंदलेल्या प्रतींमध्ये निघू शकतं, त्याही प्रती इंडिया ऑफिसच्या दप्तरात आल्या आहेत. मुलगा मोठा झाला असेल तर मुंबई इलाख्यात कारकून, सर्वेक्षण, वाजंत्री पथक, अशा ठिकाणी त्याच्या आडनावाचा शोध घ्या. अशा मुलांना कंपनीनं १७९१पासून अधिकारी म्हणून घेणं बंद केलं होतं, त्यामुळे बापाच्या वाटेनं तो गेलेला नसणार.

खडकीकर

शिरूरबद्दल सांगतो, कारण ते गाव या गोष्टीत सहज आलेलं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात कंपनीची मोठी छावणी तिथे होती. १८१७च्या ३१ डिसेंबरला कॅप्टन स्टाँटन त्याच छावणीतून निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली. छावणीच्या कबरस्तानात कर्नल वॉलेस यांची १८०९ची कबर आहे. पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की आसपासचे लोक त्यांना सत्पुरुष मानत आणि नवं धान्य आलं की कबरीपुढे ठेवत.

आता मेजरची सेवा १८१७-१८च्या आधीपासून असेल तर एक फार चांगला पुरावा मिळू शकतो. १८०३ ते १८२६ या काळातल्या हिंदुस्थानातल्या लढायांसाठीचं पदक १८५१च्या मार्च महिन्यात मंजूर झालं, आणि तेही फक्त हयात असलेल्यांना. पट्टीवर लढाईचं नाव असे : 'किर्की', 'पूना', 'कोरीगाम', 'असई' वगैरे. तुमची जनगणना ३० मार्च १८५१ची, म्हणजे तो हयात होता. पदकाच्या यादीत नाव मिळालं तर तो त्या दिवशी कुठे उभा होता हे कळेल. पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असतं, आजींच्या घरी जुन्या पेटीत काही असेल तर कडा बघा.

दूरदेशी

काका, पेटीत पदक नाही, पण कॅडेट-कागदावरून भरतीचं साल १८२०च्या पुढचं निघतंय, तेव्हा त्या लढायांशी त्यांचा संबंध नसावा. शर्वरीताईंनी पाठवलेल्या कॅडेट-दाखल्यात त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा डेव्हनमधल्या एका खेड्यातला आहे. बायकोही डेव्हनची, म्हणजे रजेवर घरी गेले तेव्हा लग्न झालं असावं.

मृत्युपत्राच्या दोन्ही ठिकाणी अर्ज केला आहे. इथल्या मृत्युपत्राची प्रत आली, चार पानं, सगळं बायको आणि मुलींना. त्यात शिरूरच्या मुलाचा उल्लेख नाही. मुंबईकडच्या जुन्या मृत्युपत्राचं उत्तर यायचं आहे. आजींनी वंशावळीच्या तक्त्यात मुलाचं नाव थोरला म्हणून स्वतः लिहिलं.

एक विनंती : शिरूर-घोडनदी भागात कुणी आहे का? कबरस्तानात या पलटणीच्या इतर अधिकाऱ्यांचे दगड असतील तर त्यावरून पलटण तिथे कोणत्या वर्षी होती ते पक्कं होईल.

घोडनदीकाठ

मी आहे. आजोळ तिथेच. रविवारी जाऊन येतो. काय काय टिपून आणू?

खडकीकर

शाब्बास. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दगडाला खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका, शेवाळ खरवडू नका. प्रत्येक दगडाचा एक फोटो संपूर्ण, एक अक्षरांचा जवळून, आणि एक शेजारच्या दगडांसकट, म्हणजे जागा कळेल. दगड कुणी बसवला ते सहसा शेवटच्या ओळीत असतं, बहुतेकदा 'सहकारी अधिकाऱ्यांनी' असं, आणि पलटणीचा क्रमांकही तिथेच मिळतो. ती ओळ मातीत गेलेली असेल तर हातानं अलगद माती बाजूला करा, आणि फोटो झाल्यावर परत लोटून ठेवा. फोटो इथेच टाका, मी आणि शर्वरीताई मिळून वाचू.